डावीकडची नदी

१६ ऑगस्ट, शनिवार. आज एकच जिना दोनदा झाडावा लागला.

काल आम्ही प्रवासाहून परतलो तेव्हा दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. आम्ही राहतो त्या गेर्लिंगेनमध्ये, स्टुटगार्टच्या आसपासच्या या सगळ्याच भागात, ‘केअरवोखे’ नावाची पद्धत आहे. ज्या घराची पाळी आली त्याच्या दाराला ती लाकडी पाटी अडकवायची, आणि त्या घराने आठवडाभर जिना, तळघराचा बोळ आणि दारासमोरचा फुटपाथ झाडून-पुसून ठेवायचा. बाहेरगावी होतो ही सबब चालत नाही. माणूस लावून करून घेतलं तर नियमात बसतं, शेजाऱ्यांच्या नजरेत बसत नाही.

आज सकाळी मी तळघरात कपड्यांचं मशीन लावून वर आले तर अण्णा, म्हणजे माझे सासरे, जिना झाडून हात धूत होते. पंच्याहत्तरीचे गृहस्थ. चिंचवडच्या त्यांच्या घरी त्यांनी पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतल्याचं मला आठवत नाही.

“बघून ये,” ते म्हणाले. “एक कण दिसला तर सांग.”

खाली गेले तर तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर कमरेवर हात ठेवून जिन्याकडे बघत होत्या. बाई ब्याऐंशीच्या आहेत आणि अशा कामात त्यांची नजर पक्की आहे. “तुमच्या पाहुण्यांनी अर्धा जिना झाडलाय,” त्या म्हणाल्या. “उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात का?”

प्रत्येक पायरीची कठड्याकडची बाजू स्वच्छ होती. भिंतीलगत मात्र धूळ, वाळलेली पानं, कुणाच्या तरी बुटातून पडलेली खडी, सगळं वरपासून खालपर्यंत एका ओळीत तसंच. त्याचं कारण मला आता माहीत आहे. प्रवासाला निघाले तेव्हा माहीत नव्हतं.

सहल कशी झाली म्हणून पुण्या-ठाण्याच्या बहिणी विचारतायत. फोटो पाठवले आहेत. फोटोंत जे आलं नाही ते लिहिते.

न्युर्नबर्ग

अण्णा जूनमध्ये आले. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. वीज मंडळातून निवृत्त झाले तरी रोज सकाळी स्कूटरवरून भाजी, बँक आणि मित्रांचा कट्टा करून येतात. जर्मनीत येण्याची ही त्यांची दुसरी खेप. या वेळी शाळेच्या सुट्टीत त्यांना चार शहरं दाखवायची असं माझ्या नवऱ्याने, सुहासने, ठरवलं. न्युर्नबर्ग, प्राग, व्हिएन्ना आणि पासाऊ. बरोबर मी आणि आमची चौदा वर्षांची मुलगी ईरा. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

एक सांगून ठेवते. घरात आम्ही दोघं एकमेकांना नावाने हाक मारतो, पण अण्णांसमोर मी सुहासला ‘अहो’ म्हणते. ते दोन महिने माझ्या तोंडात ‘अहो’ इतकं बसतं की पुढे आठवडाभर ईरा मला चिडवते.

न्युर्नबर्गला किल्ल्याकडे जाणारा चढ आहे, गोल गुळगुळीत दगडांचा. अण्णा दोनदा अडखळले. दोन्ही वेळा सुहास म्हणाला, “दगडच तसे आहेत.” ते खरंही होतं, मीही एकदा अडखळले. चौकात लोक पावात तीन-तीन बोटभर सॉसेज घालून खात होते. अण्णा शाकाहारी, त्यांना मीठ लावलेला ब्रेत्झेल, म्हणजे गाठीसारखा वळलेला मोठा पाव, घेतला. “खारी बिस्किटाचा थोरला भाऊ,” म्हणाले आणि अख्खा खाल्ला.

परत येताना मात्र जरा गडबड झाली. इथे फुटपाथवरच सायकलींसाठी वेगळा पट्टा असतो आणि त्यावर चालणं हा जवळजवळ गुन्हा मानतात. अण्णा त्या पट्ट्यावर होते. डावीकडून एक बाई सायकलवरून घंटा वाजवत आली. घंटा आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. अण्णांनाही आली असणार, कारण ते थांबले. पण त्यांनी बघितलं उजवीकडे. बाईने ब्रेक मारला, एक पाय टेकवला आणि बरंच काही सुनावलं.

“काय म्हणते?” अण्णांनी विचारलं.

“वाट द्या म्हणते,” मी म्हटलं.

“एवढं लांबलचक?”

ईरा हसली. सुहासही हसला. मी हसले नाही, कारण त्या वेळी मला फक्त राग आला होता, आणि तो अण्णांवरच आला होता.

प्राग

प्रागला आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली होती. जाणाऱ्यांनी हेच करावं. बाहेरचं जेवण दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी घरातला वडीलधारा माणूस ‘मला भूक नाही’ म्हणायला लागतो. मी छोटा कुकर, बेसन, तांदूळ आणि लोणच्याची बाटली घेऊन गेले होते. भुयारी रेल्वेतून निघताना मात्र तयारीने जा, तिथले सरकते जिने खोल आणि भलतेच वेगवान आहेत. पहिल्या पायरीपाशी अण्णा थांबले. मागे रांग लागली. मग ते माझं कोपर धरून म्हणाले, “चल, तुला भीती वाटत असेल.” मला भीती वाटत नव्हती.

चौकातलं प्रसिद्ध घड्याळ तासाच्या ठोक्याला खेळ करतं. वर दोन खिडक्या उघडतात आणि संतांच्या बाहुल्या एकामागून एक डोकावून जातात. शेकडो माणसं माना वर करून उभी असतात. अण्णाही मान वर करून “वा, वा” म्हणत होते. मी सहज त्यांच्याकडे पाहिलं तर ते घड्याळाकडे बघतच नव्हते. शेजारच्या कोऱ्या भिंतीला वा म्हणत होते.

संध्याकाळी पिठलं-भात केला. ताट मी नेहमीसारखंच वाढलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, लोणचं आणि काकडीची कोशिंबीर, उजवीकडे पिठलं, मध्ये भात. अण्णा जेवत होते आणि मधेच म्हणाले, “लोणचं आणलं नाहीस का या खेपेला?”

लोणचं त्यांच्या ताटात होतं.

मी काही बोलायच्या आत सुहासने बाटली उचलून चमच्याने त्यांच्या भाताशेजारी आणखी एक फोड वाढली. “घ्या की अण्णा, भरपूर आहे.” अण्णांनी ती खाल्ली. जेवण झालं. मी ताट उचललं तेव्हा डावी बाजू जशीच्या तशी होती. मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर. एका घासाचाही स्पर्श नाही.

भांडी घासताना मी सुहासला म्हटलं, “अण्णांना डावीकडचं दिसत नाहीये.”

“वय झालंय त्यांचं. तू त्यांना फिरवतेस परेडसारखी.”

“वय गुडघ्यात होतं, सुहास. फक्त डाव्या बाजूला होत नाही.”

“कोशिंबीर नको असेल. प्रत्येक गोष्टीत तू तुझं टेस्टिंग काढू नकोस.”

मी एका इंजिनीअरिंग कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. माझ्या कामात शंका आली की ती तशी ठेवून पुढे जाता येत नाही. चूक पुन्हा घडवून बघायची, तीनदा तशीच घडली की मग नोंदवायची. पण ते यंत्राचं झालं. सासऱ्यांना तपासायची पद्धत आमच्या घरात नाही. पुढचे दोन दिवस मी प्रागमध्ये पूल, किल्ला आणि नदी बघितली असं फोटो सांगतात. प्रत्यक्षात मी अण्णांचा डावा खांदा बघत होते. कुठे आपटतो, कोण धडकतं, फुटपाथची कड किती लांब आहे.

व्हिएन्ना

व्हिएन्नात ऊन कडक होतं. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत आणि पाणी डोंगरातलं, गार. बाटली बरोबर ठेवा, विकत घेऊ नका. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी मात्र सुटी नाणी लागतात.

आणखी एक गोष्ट तिथे बघितली. कॉफीघरात आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे एकटेच बसले होते. वेटर आला तसं त्यांनी त्याला, शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं की माझा हात थरथरतो, कप अर्धाच भरा. वेटरने अर्धा भरला. कुणी मान वळवली नाही. आमच्या फ्राऊ केलर अशाच. आम्ही राहायला आलो त्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि पहिल्याच ओळखीत म्हणाल्या, डावा कान गेलेला आहे, उजवीकडून बोला, आणि गुडघा खोटा आहे, मागून घाई करू नका. मला ते तेव्हा फार रुक्ष वाटलं होतं. आपली दुखणी अशी वेळापत्रकासारखी कोण सांगतं?

त्याच टेबलावर वेटरने आमच्या कॉफ्या आणल्या. इथे कॉफीबरोबर ट्रेवर पाण्याचा छोटा ग्लास येतो. अण्णांचा ग्लास डावीकडे होता. वर्तमानपत्र बाजूला ठेवताना त्यांनी तो पाडला. सुहासने पटकन पुसलं, ईराने आपला ग्लास त्यांच्या हातात दिला, अण्णा म्हणाले, “टेबलं फार लहान करतात ही माणसं.” सगळं काही क्षणात मिटलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की हे असंच, किती दिवस कोण जाणे, मिटत आलं आहे.

अण्णांचं ताट आपण वाढतो. पाणी हातात देतो. चप्पल पायाशी ठेवतो. जिन्यात पुढे जाऊन दिवा लावतो, पत्र वाचून दाखवतो, गाडीचं दार उघडून धरतो. गेली चाळीस वर्षं आधी सासूबाई, मग आम्ही सगळे. त्या घरातला कर्ता माणूस आहे तो, त्याला काही शोधायची वेळ येऊ द्यायची नाही. मग त्याला शोधून काही सापडत नाही हे कळणार कुणाला?

दुपारी रिंगवर, म्हणजे शहराच्या मधल्या भागाला वळसा घालणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, आम्ही ट्रामचे रूळ ओलांडत होतो. सुहास आणि ईरा पुढे गेले होते. अण्णांनी उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. डावीकडून ट्राम येत होती. ती हळू होती असं सुहास नंतर म्हणाला. मला ती हळू दिसली नाही. मी “थांबा” म्हणाले, ते थांबले नाहीत. मी त्यांच्या शर्टाची कॉलर मागून धरून ओढली. वरचं बटण तुटून रुळात गेलं. ट्रामने घंटा बडवली आणि आमच्यासमोरून सरकत गेली, आतली माणसं काचेतून बघत होती.

अण्णा कॉलर नीट करत राहिले.

सुहास मात्र रस्ता ओलांडून परत आला तो लाल होऊन. “कॉलर धरून ओढतात का वडिलांना? लोक बघत होते.”

“ट्रामपण बघत होती,” मी म्हटलं.

“हात धरायचा.”

“हात धरायला वेळ नव्हता, अहो.”

ईराने कानातून इअरफोन काढून विचारलं, “वास इस्ट लोस?” काय झालं, असं.

संध्याकाळी अण्णांच्या शर्टाला मी बटण शिवून दिलं. सुईदोरा बरोबर ठेवावा. मग स्वयंपाक केला, फ्लॉवरची भाजी, पोळ्या आणि टोमॅटोची कोशिंबीर. आणि अण्णांचं ताट मी उलटं वाढलं. कोशिंबीर, लिंबू, मीठ उजवीकडे. भाजी डावीकडे. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिने ताट माझ्या हातातून काढून घेतलं असतं. आमच्याकडे डावं-उजवं सोडून वाढलेलं चालत नाही.

अण्णांनी कोशिंबीर खाल्ली. लिंबू पिळलं. पोळी मोडली, ताटावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “भाजी?”

सुहास उठायला लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. फार वेळ नाही, एक घोट पाणी पिण्याइतका. अण्णांनी मान डावीकडे वळवली, सावकाश, फ्लॉवर बघितला आणि खायला लागले.

सुहासने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी अजून दुपारच्या भांडणावर आहे.

पासाऊ

पासाऊ हे जर्मनीच्या सीमेवरचं लहान गाव. तिथे तीन नद्या एकत्र येतात. गावाच्या टोकाला एक चिंचोळी हिरवी जागा आहे, होडीच्या नाळेसारखी पाण्यात घुसलेली. तिथे उभं राहिलं की उजवीकडून इन् येते, डोंगरातल्या बर्फाची, दुधाळ हिरवी. मधून तपकिरी डोनाऊ, म्हणजे डॅन्यूब. आणि डावीकडून, पलीकडच्या काठाने, इल्झ नावाची छोटी नदी येऊन मिळते. तिचं पाणी दलदलीतून आल्यामुळे जवळजवळ काळं असतं. तीन रंग पुढे बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतात. ही सहल अण्णांसाठी जर कुठे होती तर इथे, कारण संगम म्हटलं की ते लहान मुलासारखे होतात. त्यांचं गाव नदीकाठचं.

सुहास आणि ईरा बोटीची तिकिटं काढायला गेले. मी आणि अण्णा टोकाच्या बाकावर बसलो. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते.

“काय रंग आहेत,” अण्णा म्हणाले. “एक हिरवी, एक मातीची. मिसळायला तयार नाहीत. आपल्या सोसायटीच्या दोन विंगांसारखं.”

“आणि तिसरी?”

“तिसरी काय, सरस्वती. ती गुप्तच असते.”

“गुप्त नाहीये, अण्णा. डावीकडे आहे.”

त्यांनी लगेच मान वळवली नाही. समोर बघत राहिले. मग वळवली, जड दार ढकलावं तशी, पार खांद्यापर्यंत. “काळी आहे,” म्हणाले.

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“ताटातलं लोणचं दिसेनासं झालं त्याला.”

“तू व्हिएन्नाला ताट उलटं वाढलंस,” अण्णा म्हणाले. “कोशिंबीर उजवीकडे वाढणाऱ्या घरातली तू नाहीस. तेव्हाच समजलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोललीस?”

एक बोट गेली. तिच्या लाटा टोकाच्या दगडांवर येऊन फुटल्या. मग त्यांनी सांगितलं, वीज मंडळाच्या एखाद्या जुन्या बिघाडाबद्दल सांगावं तसं. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टर काचबिंदू म्हणाले. डावा डोळा बराचसा गेलेला, उजवाही कडेकडेने चाललेला. रोज घालायला थेंब दिले. काही महिने घातले.

“दिसण्यात काही फरक पडेना. मग सोडले.”

“फरक पडू नये म्हणूनच घालायचे असतात ते.”

“हे तुला माहीत आहे. मला तेव्हा कुणी असं सोपं करून सांगितलं नाही.”

“तुम्ही कुणाला बरोबर नेलं होतं?”

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

“आणि स्कूटर?”

“सकाळी चालवतो फक्त. रस्ता पाठ आहे.”

“रस्ता पाठ असेल. रस्त्यात धावत येणारी पोरं पाठ आहेत का?”

यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना राग आला होता आणि तो आल्याचं मला बरं वाटलं. निदान आता आम्ही खरं बोलत होतो.

“सुहासला सांगू नकोस,” ते म्हणाले. “त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. घराला कुलूप घालेल, स्कूटर विकेल, मला इथे आणून ठेवेल. आणि इथे मी करू काय? लोकांचे जिने झाडू?”

“अण्णा, जे गेलं ते परत येत नाही. जे राहिलंय तेही जाईल, थेंब घातले नाहीत तर. मग स्कूटर कुणी विकायची गरजच नाही.”

“पुढच्या शुक्रवारचं विमान आहे. गेल्या गेल्या डॉक्टरला दाखवतो.”

“एकटे?”

“बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं.

मी म्हटलं, “मी आपणहून त्याला सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा, शुक्रवारच्या आत. पण एक ऐका. मी यापुढे तुम्हाला झाकणारही नाही.”

“म्हणजे काय करणार?”

“काही नाही. झाकणार नाही, एवढंच.”

सुहास आणि ईरा तिकिटं आणि आइस्क्रीम घेऊन आले. ईराने अण्णांपुढे कोन धरला, डाव्या बाजूने. अण्णा समोर बघत होते. “आजोबा, ना?” म्हणजे घेताय ना, असं ती म्हणाली. आइस्क्रीम तिच्या मनगटावर ओघळायला लागलं. सुहासने चटकन कोन घेतला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला.

बोटीवर सगळ्यांनी फोटो काढले. त्यातला एक फार छान आला आहे, अण्णा हसतायत. बहिणींनी त्याला सगळ्यात जास्त हृदयं पाठवली.

बोटीवरून उतरल्यावर मी गेर्लिंगेनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोन लावला. तिथल्या बाई प्रेमाने म्हणाल्या, नव्या पेशंटसाठी नोव्हेंबर. म्हणजे इथला रस्ता बंद. चिंचवडला, वेळेवर, बरोबर माणूस देऊनच ते व्हायला हवं, आणि तो माणूस सुहासने ठरवायला हवा. त्याचा चुलतभाऊ आकुर्डीत आहे. पण सुहासला कळल्याशिवाय चुलतभावाला काय सांगणार?

गेर्लिंगेन

आणि मग आज सकाळी अण्णांनी जिना झाडला. का झाडला ते मला कळलं. मी झाकणार नाही म्हणाले होते ना, तर झाकायला काही नाहीच हे त्यांना दाखवायचं होतं.

फ्राऊ केलर आत गेल्या तशी मी झाडू घेतला आणि वरपासून सुरुवात केली. उतरताना डावीकडे येणाऱ्या भिंतीलगतची धूळ ओढली, खडी उचलली, पानं सुपलीत भरली. मग ओलं फडकं फिरवलं. खालच्या पायऱ्यांवर होते तेव्हा सुहास पाव घेऊन बाहेरून आला. त्याने जिना पाहिला.

“अण्णांनी काय लख्ख केलाय,” तो म्हणाला. “आणि तू म्हणतेस त्यांना दिसत नाही.”

झाडू माझ्या हातात होता. फडकं बादलीत होतं. त्याला वाटलं मी नुसती शेवटचा हात फिरवतेय. मी काही बोलले नाही, तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला, आणि मग मला कळलं की पासाऊच्या बाकावर मी काय म्हणाले होते आणि इथे काय करतेय. ग्लास पुसणं, कोन हातात देणं, लोणचं पुन्हा वाढणं आणि हे. सगळं एकच. मी फक्त जास्त नीट करते.

बादली ओतली. पाटी काढली नाही, आठवडा रविवारपर्यंत आपला असतो. कपड्यांचं दुसरं मशीन लावलं. दुपारी अण्णा झोपले तेव्हा त्यांच्या साबणाच्या डबीत बघितलं. थेंबांची बाटली होती, सील न फोडलेली, मागच्या वर्षीची. संध्याकाळी चौघांनी पत्ते खेळलो. अण्णा जिंकले. हातातली पानं ते डोळ्यांसमोर अगदी मध्ये धरतात, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी मी पोहे केले. इथे रविवारी सगळं शांत असतं, दुकानं बंद, गवत कापायलाही बंदी, त्यामुळे आमच्याकडे नाश्ता सावकाश होतो. ईरा झोपली होती. सुहास फोनवर बातम्या बघत होता. अण्णा आंघोळ करून, मी शिवलेलं बटण लावून, टेबलाशी येऊन बसले.

पोह्यांची ताटली मी त्यांच्यासमोर ठेवली. वर खोबरं, कोथिंबीर. लिंबाची फोड रीतीप्रमाणे डावीकडे. पाण्याचा ग्लासही डावीकडे. त्यांच्या हातात काही दिलं नाही. फ्राऊ केलर जिन्यात बोलतात त्या आवाजात म्हटलं, “अण्णा, लिंबू डावीकडे आहे. पाणीही डावीकडेच आहे.”

सुहासने फोनवरून डोळे उचलले. “डावीकडे आहे म्हणजे? समोर तर आहे.” तो हसला. “त्यांना दिसत नाही का?”

त्याचं हसणं त्याच्या एकट्याचंच राहिलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात टेबलावरून सरकवत नेला, ताटलीची कड लागली, लिंबू लागलं. ते त्यांनी पोह्यांवर शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं आणि साल पुन्हा जिथल्या तिथे ठेवली.

“नाही दिसत,” ते म्हणाले. “तू सांग त्याला, सूनबाई. सगळं सांग. मी तोवर खातो, गार होतायत.”

मी शेगडी बंद केली, खुर्ची ओढली आणि सुहासला न्युर्नबर्गच्या सायकलीपासून सांगायला सुरुवात केली.